चौथ्या हाऊसला दिलेली मुलगी

डिसेंबर लागला की समता कॉलोनीच्या मागच्या शाळेच्या मैदानावर ढोल वाजायला लागतो. आधी एकच, नवशिक्या हाताचा, भलत्याच ठेक्यात. मग बिगूल, आणि मग खेळाच्या सरांचा चिरका आवाज, "लेफ्ट, लेफ्ट! अरे दूसरा पैर!" स्पोर्ट्स डे जवळ आल्याची ही वर्दी. यंदा तो ढोल मी ऐकला ताईच्या घराच्या वरच्या रिकाम्या मजल्यावर, खिडक्यांची मापं घेताना. ताईचे सासू-सासरे धाकट्या मुलाकडे दुर्गला राहायला गेले आणि वरचा मजला मोकळा झाला. आम्ही तिघं, म्हणजे मी, माझा नवरा आणि आमची लेक ईरा, तिथे राहायला यावं असं माझ्या मनात आलं. ताईनं अजून हो म्हटलं नव्हतं. नाहीही म्हटलं नव्हतं. मी मात्र पडद्यांच्या मापापर्यंत पोचले होते. मी ही अशीच आहे.

ढोल ऐकला आणि हातातलं माप विसरले. इतकी वर्षं झाली, चाळिशी दारात आली, तरी असं होतंच. त्या एका हिवाळ्यात मला जो धक्का बसला तो अंगातून गेलाच नाही कधी. लोकांना परीक्षेची स्वप्नं पडतात म्हणे. मला चुन्याच्या रेघेची पडतात.

वेगळं राज्य नुकतंच झालं होतं आणि आमचं रायपूर बघता बघता राजधानी होऊन बसलं होतं. ज्या गावात दुपारी कुत्री रस्त्याच्या मधोमध निवांत झोपायची तिथे लाल दिव्याच्या गाड्या सायरन वाजवत जाऊ लागल्या. कुठल्या इमारतीत कुठलं खातं बसणार, मंत्री राहणार कुठे, यावर पुरानी बस्तीतल्या आमच्या गल्लीत पानठेल्यापासून देवळाच्या पायरीपर्यंत सगळे आपापलं मत द्यायचे. तिकडे गावाबाहेर धान कापून झालं होतं. पोत्यांनी लादलेले ट्रॅक्टर गाड्यांच्या मधून वाट काढायचे आणि लाल दिवेवाले साहेब त्यांच्या मागे हॉर्न वाजवत अडकायचे, हे पाहायला आम्हाला फार मजा यायची. सकाळी तलावावरून धुकं उठायचं. शाळेच्या फाटकासमोर एक बाई टोपलीत बिही घेऊन बसायची. बिही म्हणजे पेरू, पण रायपुरात कोणी पेरू म्हणत नाही. मीठ-मिरची लावलेल्या बिहीचा वास मला आजही थंडीचाच वास वाटतो.

आमच्या शाळेत जुन्या राजधानीतून, भोपाळहून, बदलून आलेल्या साहेबांची मुलं दाखल होऊ लागली, तीही भर वर्षात. त्यांचे बूट चकचकीत आणि चेहरे पडलेले. प्रत्येक वाक्यात भोपाळचा तलाव. आमच्या तलावाकडे पाहून त्यातली एक मुलगी म्हणाली, "बस, इतना सा?" आम्हाला राग आला.

ज्यांच्या शाळेत हाऊस नव्हते त्यांना सांगते, हा काय प्रकार असतो. आमच्याकडे तीन होते. लाल, पिवळा, हिरवा. राज्य झाल्यावर प्रिन्सिपल मॅडमना उत्साह आला आणि त्यांनी रंगांना नद्यांची नावं दिली. लाल महानदी, पिवळा शिवनाथ, हिरवा खारून. शाळेत आलं की पहिल्याच दिवशी एका डब्यातून चिठ्ठी काढायची. जो रंग निघेल तो शाळा सुटेपर्यंत आपला. नखं कापलेली असली तर हाऊसला गुण, उशीर झाला तर वजा, नाचात, वक्तृत्वात, उंच उडीत गुण. प्रिन्सिपलच्या खोलीबाहेर फळा, त्यावर तीन खांब, आणि तो फळा बघितल्याशिवाय कोणी पाणी प्यायलाही जायचं नाही. शनिवारचा शेवटचा तास हाऊसचा. पहिलीपासून दहावीपर्यंतची सगळी एका रंगाची मुलं एका दरीवर, म्हणजे सतरंजीवर. वर्गात आपण फक्त आपल्या वयाच्या पोरांत असतो. तिथे पहिलीतलं नाक पुसत बसलेलं पोरगं आणि दहावीतली मिशी फुटलेली स्वारी शेजारी शेजारी बसून घोषणा पाठ करायची. मला ते फार आवडायचं. चिठ्ठीत निघालेल्या रंगासाठी घसा बसेपर्यंत ओरडायचं, याला काही अर्थ आहे का? पण ओरडायचो. आपण निवडलेल्या गोष्टींवर मी आयुष्यात इतका जीव टाकलेला नाही.

एक गोष्ट मात्र चिठ्ठीनं ठरत नसे. घरातलं मोठं भावंड ज्या हाऊसमध्ये, धाकटं आपोआप त्यातच. असा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण सगळ्यांना माहीत होता. मोठ्याचा टी-शर्ट धाकट्याला व्हायचा आणि आई-बापांना एकाच रंगासाठी टाळ्या वाजवायला लागायच्या. त्यामुळे माझ्यासाठी कोणी डबा हलवलाच नाही. वैशालीताई लाल, म्हणून मी लाल. तिचा जुना टी-शर्ट माझ्या अंगात, तिच्या मागोमाग मी. बाई मला शिल्पा म्हणायच्या आधी वैशालीची बहीण म्हणायच्या आणि मला ते मुळीच खटकायचं नाही. उलट छाती फुगायची. त्या वर्षी ताई दहावीत होती आणि महानदीची कॅप्टन होती. खांद्यावरून लाल पट्टा, छातीवर बिल्ला. शाळेत तिला दीदी म्हणायचं असा दंडक होता. मी ताईच म्हणायचे.

भोपाळच्या मुलांना सामावून घ्यायला मॅडमनी चौथा हाऊस काढला. इंद्रावती, निळा. पण नुसत्या नव्या मुलांचा हाऊस उभा राहीना. संख्या कमी पडत होती. मग खेळाच्या सरांनी युक्ती काढली. जुन्या प्रत्येक हाऊसनं आपली काही मुलं नव्या हाऊसला द्यायची. कोण द्यायचं ते कॅप्टननं ठरवायचं, कारण आपली मुलं कॅप्टनला माहीत. आणि वेळ वाचावा म्हणून हे सगळं असेंब्लीतच करायचं, सगळ्या शाळेसमोर. इतका बिनडोक विचार एका शिकलेल्या माणसाला कसा सुचला असेल, याचं मला आज नवल वाटतं. तेव्हा नाही वाटलं. तेव्हा वाटलं, मजा येणार.

मैदानावर चुन्याची एक लांब रेघ मारली होती. अलीकडे आम्ही तीन रांगांत बसलेलो, पलीकडे भोपाळची मुलं एकटी. हिरव्याच्या कॅप्टननं सुरुवात केली. मग पिवळ्याच्या. नाव घेतलं की त्या मुलानं उठायचं आणि रेघ ओलांडून जायचं. हळूहळू आम्हाला उमगलं की काय चाललंय. धावणारा एकही जात नव्हता. उंच उडीवाली जात नव्हती. मार्च पास्टला पाय चुकवणारे जात होते, घोषणा विसरणारे जात होते, सारखी आजारी पडणारी, जाडी, रडकी जात होती. आम्ही तोंडावर हात ठेवून हसत होतो. मग ताई पुढे आली. नावं तिला पाठ होती. एकेक म्हणत गेली, ठाम आवाजात, हिंदीत, थांबून थांबून. आमच्या रांगेतलीही तसलीच मुलं उठून गेली. शेवटी तिनं खांद्यावरचा लाल पट्टा सारखा केला.

"शिल्पा. सातवीं बी."

मी मागे वळून पाहिलं. खरंच. दुसरी कोणी शिल्पा उठते का ते पाहत राहिले. सातवी बीमध्ये दुसरी शिल्पा नव्हती. शेजारची मुलगी कोपरानं ढोसत म्हणाली, "तेरा नाम लिया है, तेरी दीदी ने." माझे कान बंद झाले. समोर सर हातवारे करत होते, काहीतरी बोलत होते, मला ऐकू येत नव्हतं. मी उठले कशी, चालले कशी, आठवत नाही. रेघेपाशी आल्यावर मात्र मी ताईकडे पाहिलं. वाटलं, आता हसेल, म्हणेल गंमत केली. ती माझ्या डोक्यावरून झेंड्याच्या खांबाकडे पाहत होती.

आपलं माणूस आपल्याला देऊन टाकू शकतं, हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं. कोणी मेलं, कोणी दूर गेलं, हे ऐकलं होतं. पण धडधाकट आपल्यासमोर उभं राहून, नाव घेऊन, सगळ्यांदेखत? त्या धक्क्याला त्या वयात शब्द नव्हता. आजही मला तो सापडलेला नाही.

घरी जाताना सदर बाजारातून ती पुढे, मी मागे. एरवी मी तिच्या सायकलच्या कॅरिअरवर बसायचे. त्या दिवशी बसले नाही. तीही "बस" म्हणाली नाही. सोनारांच्या दुकानांसमोर गाड्यांची ही गर्दी, आणि ती सायकल हातात धरून चालतेय, मागे वळून न पाहता.

आईला कळलं तेव्हा ती पोळ्या लाटत होती. लाटणं हातात तसंच राहिलं. "काहून व वैशू? सगळ्या शाळेत द्यायले तुले सख्खी बहीणच भेटली?"

"कोणाले तरी देणंच होतं," ताई म्हणाली आणि आत निघून गेली.

बाबा ऑफिसातून आले. रेल्वेतले कारकून, पण बोलणं सरन्यायाधीशांचं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांचा चेहरा उजळला. मला जवळ घेऊन म्हणाले, "रडून काहून राहिली? समजून घे. सगळ्यांचे लेकरं द्यायचे अन् आपली बहीण ठेवून घ्यायची, हे चाललं असतं काय? माह्या पोट्टीनं न्याय केला, न्याय!" मग ते ताईच्या पाठीवर थाप मारायला आत गेले. मी हुंदके देत विचार केला. बाबा म्हणतात ते बरोबर असणार. म्हणजे ताईचा माझ्यावर इतका जीव आहे की लोक बोट दाखवतील म्हणून तिनं काळजावर दगड ठेवला. रडू थांबलं. काय सुंदर गोष्ट होती ती! मी ती घट्ट धरून ठेवली.

टी-शर्टची पंचाईत झाली. आईनं नवा आणायच्या ऐवजी लालच टी-शर्ट निळीच्या रंगात बुडवला. बाहेर निघाला तो वांग्याच्या रंगाचा. "दुरून निळाच दिसते," आई म्हणाली. दुरूनही वांगंच दिसायचं. आणि गंमत म्हणजे मी एकटी नव्हते. पिवळ्यातून आलेल्यांच्या आयांनीही तोच उद्योग केला होता, त्यांचे टी-शर्ट हिरवट निघाले होते आणि आता ते खारूनचे वाटत होते. इंद्रावती हाऊस मार्च पास्टला उभा राहिला तेव्हा आम्हा दिलेल्यांत निळं सोडून सगळे रंग होते. भोपाळची मुलं मात्र दुकानातल्या कडक निळ्यात. पहिले काही दिवस ती आमच्याकडे बघायची नाहीत आणि आम्ही एकमेकांकडेही बघायचो नाही. प्रत्येकाला ठाऊक होतं की शेजारचाही दिलेलाच आहे.

पण दरी एकच होती. शनिवार आला की त्यावर बसावंच लागायचं. हळूहळू डबे उघडले. तलावावरून हिणवणाऱ्या त्या मुलीनं माझ्या डब्यातली तिवऱ्याची, म्हणजे लाखोळीच्या कोवळ्या पाल्याची, भाजी खाल्ली आणि दुसऱ्या शनिवारी मागून घेतली. आमच्यात धावणारं कोणी नव्हतं, त्यामुळे कोणी कोणावर ओरडायचं नाही. घोषणाही आम्हीच रचली, अगदीच भिकार, पण आमची. आणि तिथे मला कोणी वैशालीची बहीण म्हणत नव्हतं. भोपाळच्या मुलांना वैशाली माहीतच नव्हती. मला ते विचित्र वाटायचं, बूट बदलल्यासारखं. आवडायचं का? थोडंसं. पण ते मी तेव्हा कबूल केलं नसतं.

स्पोर्ट्स डेला आम्ही सगळ्या शर्यती हरलो. शेवटून पहिले, रांगेनं. मग रस्सीखेच आली. आता पाहा काय झालं. तिन्ही कॅप्टननी आपापली जाडजूड, जागची न हलणारी पोरं नेमकी आम्हाला दिली होती. रस्सीखेचेत धावावं लागत नाही. फक्त उभं राहावं लागतं. आम्ही टाचा रोवल्या आणि उभे राहिलो. पिवळे आले, ओढले गेले. हिरवे आले, तेही गेले. मैदानावर आधी हशा होता, मग जो गलका उठला! प्रिन्सिपल मॅडम खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या.

शेवटी महानदी. दोराच्या त्या टोकाला सगळ्यांत पुढे ताई. या टोकाला सगळ्यांत पुढे मी. शिट्टी वाजली. तिचा चेहरा मी इतक्या जवळून, इतका लालबुंद कधी पाहिला नव्हता. मी ओढलं. इतके दिवस गिळलेलं सगळं त्या दोरात गेलं. हाताची साल निघाली तरी सोडलं नाही. ताईचे पाय सरकले, ती गुडघ्यांवर आली, तशीच फरफटत रेघेच्या अलीकडे आली, धुळीनं माखलेली. आणि हसत होती. हरलेली कॅप्टन पोट धरून हसत होती, माझ्याकडे बघून. मी सुन्न. जिंकल्याचा आनंद बाजूलाच राहिला. हिला काही वाटत कसं नाही, हेच मनात. पण बाबांची गोष्ट हाताशी होती. मी ठरवलं, माझ्या जिंकण्याचा तिला आनंद झाला.

ती गोष्ट मग वाढतच गेली. बाबांनी ती पाहुण्यांना सांगितली, ऑफिसात सांगितली, माझ्या लग्नात सासरच्यांना सांगितली. बाबा गेले, गोष्ट राहिली. आणि मी त्या गोष्टीच्या आधारानं ताईच्या मागे चालत राहिले. तिनं बायोलॉजी घेतलं, मी घेतलं. ती शिक्षिका झाली, मी झाले. ती समता कॉलोनीत आली, मीही दोन गल्ल्या सोडून घर घेतलं. सकाळी उठले की तिला फोन, भाजीत काय घालू म्हणून फोन. जी बहीण माझ्यासाठी काळजावर दगड ठेवते तिच्यापासून लांब कशाला राहायचं?

तर ढोल वाजत होता आणि मी वरच्या मजल्यावर टेप धरून उभी होते. ताई वाळलेले कपडे काढत होती. ईराला शाळेत नुकताच हाऊस मिळालाय, ग्रीन. तिला मराठी सगळं कळतं, पण जिभेवर हिंदीच येते. ती खिडकीतून मार्च पास्ट बघत म्हणाली, "मौसी, सच्ची में आपने मम्मी को दे दिया था?"

"सच्ची," मीच उत्तर दिलं, बाबांच्या थाटात. "मावशी कॅप्टन होती ना. स्वतःच्या बहिणीला ठेवून घेतलं असतं तर लोक काय म्हणाले असते? तिनं न्याय केला."

ताईनं चादरीची घडी अर्धवट सोडली.

"न्याय-बिय काही नव्हता, शिल्पे," ती म्हणाली. "मले तू नको होती."

मी हसले. मला वाटलं, ही ईराची मस्करी करतेय. तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हसू जागच्या जागी विरलं.

"नको होती म्हणजे?"

"म्हणजे नको होती. तुझी वेणी मी घालायची, डब्बा मी भरायचा, सायकलवर मागं तू, बाजारात निघाली तर संग तू. मैत्रिणीकडे गेली तर तिथंही तू. शाळेत कॅप्टन झाली, वाटलं, इथं तरी मी मीच राहीन. तर सगळ्या हाऊससमोर, 'ताई, लेस बांध.' सातवीत होती तू! सरांनी म्हटलं, मुलं द्या, तेव्हा मले पहिलं नाव तुझंच सुचलं. घेतलं शेवटी, कारण हिंमत होत नव्हती."

ईरा माझ्याकडे पाहत होती. मी कोणाकडे पाहत होते, मला माहीत नाही. पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते मला दुसऱ्यांदा कळलं, आणि या वेळी सावरायला बाबा नव्हते.

"अन् बाबा न्याय न्याय करत होते तेव्हा?"

"गप्प राहिली. चांगलं वाटून राहिलं होतं. मग इतकी वर्षं झाली की सांगायचं कसं, तेच समजेना." तिनं चादर पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली. "पण आता तू वर राहायले येऊन राहिली. हे न सांगता तुले कशी येऊ देऊ?"

राग आला. इतका की टेप तिच्या अंगावर फेकावी, ईराचा हात धरावा आणि तुझा मजला तुला लखलाभ म्हणून निघून जावं. बालपणापासून ज्या एका गोष्टीवर पाठ टेकून बसले होते ती या बाईनं घडी घालता घालता काढून घेतली होती. आणि तरीही, सगळ्या मैदानादेखत परत रेघेपाशी उभं राहिल्यासारखं, मला एकच विचारायचं होतं.

"मग आता? आता तरी पाहिजे काय मी तुले?"

झटकन हो म्हणाली असती तर मी विश्वास ठेवला नसता. खाली तिचं स्वयंपाकघर. वर यायचा जिना त्या स्वयंपाकघरातूनच निघतो. तिनं आधी त्या जिन्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ये," ती म्हणाली. "पण जिना बाहेरून काढू."

मला ते एवढं लागलं की डोळ्यांसमोरचं दिसेना. आणि त्याच क्षणी हेही कळलं की ताई माझ्याशी आयुष्यात पहिल्यांदा, वैशाली म्हणून, खरं बोलली. मी नाक पुसलं.

"दार कोणत्या बाजूनं ठेवायचं?" मी विचारलं.